घड्याळ, तराजू आणि आई

मूल जन्मास येतांच त्याच्या उशाशीं घड्याळ ठेवण्याची चाल फार जुनी नाहीं. १८९४ सालीं न्यूयॉर्कचे बालवैद्य डॉ. ल्यूथर एमेट होल्ट यांनीं अर्भकांचा आहार व जोपासना या विषयावर एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. तें मुळांत मुलें सांभाळणाऱ्या दायांसाठीं प्रश्नोत्तररूपानें लिहिलेलें होतें. परंतु सुशिक्षित घरांतील मातांनीं तें उचललें आणि विद्यार्थ्यांप्रमाणें त्यांतील उत्तरें पाठ केलीं. किती तासांनीं पाजावें, किती औंस पाजावें, रडणाऱ्या मुलास घ्यावें कीं न घ्यावें, प्रत्येक प्रश्नास एकच बरोबर उत्तर! अशा परीक्षेंत नापास होणें फार सोपें असतें.

या शिस्तीस नांवें ठेवण्यापूर्वीं तिच्या मुळाशीं असलेली भीति ध्यानांत घ्यावयास हवी. त्या काळीं मोठ्या शहरांतून उन्हाळा लागला कीं, नासक्या दुधानें होणाऱ्या अतिसारापायीं अर्भकें पटापट दगावत. न्यूझीलंडमध्यें १९०७ सालीं जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकीं सुमारें ८८ मुलें वर्षाच्या आंतच जात. त्याच वर्षीं डनेडिन येथें डॉ. ट्रूबी किंग यांनीं माता व बालकें यांच्या साहाय्यार्थ एक संस्था काढली. गव्हर्नरांच्या पत्नी लेडी प्लंकेट यांचें नांव तिला मिळालें. किंगसाहेब सीक्लिफच्या वेड्यांच्या इस्पितळाचे अधीक्षक होते. तेथील शेतावर वासरांच्या आहाराचे प्रयोग करतां करतां त्यांची दृष्टि माणसांच्या अर्भकांकडे वळली. आईचें दूध हेंच उत्तम, हा त्यांचा आग्रह सर्वस्वीं योग्य होता. पुढील ३० वर्षांत तेथील बालमृत्यूंचें प्रमाण हजारीं सुमारें ३२ वर आलें. हें प्रमाण आधींपासूनच उतरत होतें आणि सार्वजनिक आरोग्याच्या सुधारणेचाहि त्यांत वाटा होता. तथापि लोकांनीं श्रेय दिलें तें किंगसाहेबांच्या नियमांना.

नियम कडक होते. दर ४ तासांनीं दूध. रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत कांहीं नाहीं. मधें मूल रडलें तर रडूं द्यावें. दाराआड मूल टाहो फोडीत आहे, आईला पान्हा फुटून तिचीं वस्त्रें भिजत आहेत, आणि तिची नजर मात्र घड्याळाच्या कांट्यावर खिळली आहे! ज्या आईनें तें दार उघडलें ती दुबळी ठरे, आणि मूल बिघडविल्याचा ठपका तिच्या माथीं येई.

घड्याळाच्या जोडीला तराजू आला. अमेरिकेंतील आयोवा प्रांताच्या मोठ्या जत्रेंत १९११ सालीं, जेथें गुरेंढोरें पारखून बक्षिसें दिलीं जात, तेथेंच मेरी वॉट्स या बाईंनीं मुलांची स्पर्धा भरविली. डॉक्टरांनीं मुलें तोलावीं, मापावीं, उणीवांबद्दल गुण कापावे, असा प्रकार. ही हौस लवकरच इतर प्रांतांत पसरली. हेतु मातांना आरोग्याचें शिक्षण देण्याचा होता, हें खरें. पण ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा’ ही आपल्याकडील म्हण या मांडवांत नेमकी उलटी झाली. गुणांचा कागद हातीं पडतांच आईला दुसऱ्याचा बाब्या दिसूं लागला आणि आपला कार्टा! हिंदुस्थानांतहि १९२० नंतरच्या दशकांत मुंबईसारख्या शहरांतून बालसप्ताह व बालप्रदर्शनें भरूं लागलीं.

या विचाराचें टोंक जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९२८ सालीं गांठलें. मुलास कवटाळूं नये, मांडीवर बसवूं नये. सकाळीं हस्तांदोलन करावें, हा त्यांचा उपदेश! पुढें आठ वर्षांनीं, तें पुस्तक लिहिण्याइतकें आपणांस ज्ञान नव्हतें, अशी कबुली त्यांनींच दिली. मधल्या काळांत ज्या मातांनीं आपले हात आंवरून धरले, त्यांना ती कबुली कितपत पोंचली असेल?

लंडनमध्यें पॅडिंग्टन ग्रीन येथील मुलांच्या रुग्णालयांत १९२३ पासून काम करणारे डॉ. डोनाल्ड विनिकॉट यांची रीत निराळी होती. जीभ दाबण्याची चकचकीत पट्टी ते टेबलाच्या कडेला ठेवीत. आईच्या मांडीवर बसलेलें बाळ ती पाही, हात पुढें करी, मग बिचकून थांबे. या वेळीं आईनें मदत करूं नये व अडवूंहि नये, एवढीच त्यांची विनंति असे. थोड्या वेळानें बाळ आपल्या मनानें पट्टी उचली आणि तोंडांत घाली. एखाद्याला क्षणभर लागे, एखादें बराच वेळ घेई. कोणी लवकर उचलली याबद्दल गुण नव्हते. त्या थांबण्यांतच त्यांना मुलाचें मन उमगे.

महायुद्धाच्या काळांत, १९४३ पासून, विनिकॉट नभोवाणीवर बोलूं लागले. १९४९ च्या उन्हाळ्यांत बी. बी. सी. च्या निर्मात्या इसा बेन्झी यांच्याबरोबर ते चालले असतां बाईंनीं त्यांना नऊ भाषणें देण्यास सांगितलें. विषय मनाला येईल तो. लोकांनीं काय करावें हें सांगण्याची आपणांस मुळींच इच्छा नाहीं, असें ते म्हणाले. आया जें सहज आणि उत्तम करतात, त्याविषयीं त्यांच्याशीं बोलणें त्यांना आवडणार होतें. चार पावलें पुढें गेल्यावर बेन्झीबाईंना नांव सुचलें: ‘सामान्य वत्सल माता’. यांतील ‘सामान्य’ या शब्दांत सारें आलें.

१९५३ सालीं छापलेल्या एका निबंधांत त्यांनीं ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. तान्ह्या बाळाच्या गरजेशीं आई प्रारंभीं जवळजवळ संपूर्ण जुळवून घेते. पुढें दुधाला थोडा उशीर होतो, हाक ऐकूं येत नाहीं, तिचें लक्ष दुसरीकडे जातें. बाळाला सोसेल तसतशी ही उणीव वाढत जाते. आणि जग आपल्या इच्छेनें हलत नाहीं, हें त्याला त्या उणिवेंतूनच कळूं लागतें. म्हणजे जिला आई आपली चूक समजून रात्रभर झुरते, ती बेतानें आलेली चूक मुलाच्या वाढीचा भागच होय. मुलाचा आईला कधीं कधीं मनस्वी रागहि येतो, हें त्यांनीं १९४९ सालींच कारणें देऊन लिहिलें होतें.

विनिकॉटना स्वतःचें मूल नव्हतें. त्यांच्या विवेचनांत बाप फारसा दिसत नाहीं, आणि सारा भार आईवरच पडतो, हा आक्षेप रास्त आहे. ‘वत्सल’ या शब्दावरहि टीका झाली. ज्यांना तसें होतां आलें नाहीं त्यांना तो टोंचला. १९६६ सालीं लंडनमधील एका भाषणांत त्यांनीं याचा खुलासा केला: मूल कोठें अडलें याचें कारण शोधणें निराळें आणि आईला दोष देणें निराळें. त्याच भाषणांत त्यांनीं १९४९ च्या त्या फेरफटक्याची हकीकत सांगितली, आणि ते गाजलेले शब्द आपले नसून बेन्झीबाईंचे आहेत, हेंहि सांगून टाकलें.