मालवाहतुकीतील परिमाणवाचक शब्द

मालवाहतुकीतील परिमाणवाचक शब्द म्हणजे एकाच वेळी वाहून नेल्या जाणाऱ्या मोठ्या मालराशीसाठी व्यापार, रेल्वे, बंदर व रस्ते-वाहतूक या क्षेत्रांत वापरले जाणारे शब्द होत. ठाणे, भिवंडी, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यात यांतील बहुतेक शब्द इंग्रजीतून आलेले आहेत. कार्गो, फ्रेट, कन्साइनमेंट, शिपमेंट, लोड, लॉट, रेक आणि कंटेनर ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत. त्यांच्या जोडीला खेप, गासडी, गोणी, पेटी, खंडी हे जुने शब्दही टिकून आहेत. हे शब्द समानार्थी वाटले, तरी भाडे, दंड व नुकसानभरपाई यांचा हिशेब त्यांतील फरकावर अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

कल्याण हे प्राचीन बंदर असून ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आढळतो. खाडीतील व्यापारात माल मण व खंडी या मापांत मोजला जाई. वीस मणांची एक खंडी होत असे. मात्र मण सर्वत्र सारखा नव्हता. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर रेल्वेने स्वीकारलेला बंगाली मण सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा होता. खंडी हा शब्द उलट दिशेने इंग्रजीत गेला व तेथे ‘कँडी’ झाला. कापसाच्या बाजारात आजही भाव खंडीवर सांगितला जातो. ही खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोग्रॅमची असते, तर कापसाची गासडी १७० किलोग्रॅमची धरली जाते. म्हणजेच एका खंडीत दोन गासड्यांहून थोडा अधिक कापूस येतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली व १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत पोहोचली. रेल्वेबरोबर नवा शब्दसंग्रह आला. ‘वॅगन’चे मराठीत ‘वाघीण’ झाले. हे भाषांतर नसून ध्वनिसाम्यावरून झालेले रूपांतर आहे. वाघाशी त्याचा काहीही संबंध नाही. एकत्र जोडलेल्या वाघिणींच्या संपूर्ण रांगेस ‘रेक’ म्हणतात. वाघिणींच्या प्रकारानुसार एका रेकमध्ये साधारणतः चाळीस ते साठ वाघिणी असतात.

प्रमुख शब्द

कार्गो हा शब्द स्पॅनिशमधील ‘लादणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. फ्रेट या शब्दाचे दोन अर्थ आहेत: वाहून नेला जाणारा माल आणि त्या वाहतुकीचे भाडे. मराठीत या दोन कल्पनांसाठी ‘माल’ व ‘मालभाडे’ असे वेगळे शब्द असल्याने फ्रेटचे भाषांतर करताना संदर्भ पाहावा लागतो. शिपमेंट या शब्दात जहाज असले, तरी ट्रकने किंवा विमानाने गेलेल्या मालासही आता शिपमेंटच म्हणतात. टन हे मूळचे दारूच्या मोठ्या पिंपाचे नाव होय. मेट्रिक टन १,००० किलोग्रॅमचा, ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा व अमेरिकी टन २,००० पौंडांचा असतो.

कन्साइनमेंट हा यांतील कायदेशीर दृष्ट्या सर्वांत वजनदार शब्द आहे. मोहोर लावून सुपूर्द करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी त्याचे नाते आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमानुसार वाहतुकीसाठी रेल्वे प्रशासनाकडे सोपवलेला माल म्हणजे कन्साइनमेंट. तिचे वजन किती हे महत्त्वाचे नसून ती सोपवली गेली हे महत्त्वाचे असते. त्यामुळे एक खोकेही कन्साइनमेंट ठरते व पूर्ण रेकही. याच अधिनियमाच्या कलम ६५ नुसार रेल्वे पावतीवरील वजन व नगसंख्या हा प्रथमदर्शनी पुरावा असतो. मात्र पूर्ण वाघीण किंवा पूर्ण गाडीभर माल असेल, रेल्वे कर्मचाऱ्याने तो तपासलेला नसेल आणि तशी नोंद पावतीवर असेल, तर वजन व नग सिद्ध करण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर अथवा घेणाऱ्यावर येते. अशा वेळी माल कमी भरल्यास पावतीवरील त्या एका नोंदीने दाव्याची दिशा बदलते. रस्ते-वाहतुकीत पावतीला बिल्टी म्हणतात. तेथे ‘कॅरेज बाय रोड’ हा २००७ चा कायदा लागू होतो.

गोदामे, ट्रक व कंटेनर

मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ पर्यंत, म्हणजे वस्तू व सेवा कर येईपर्यंत लागू होती. तिच्या हद्दीबाहेर माल साठवून गरजेपुरता आत नेणे व्यापाऱ्यांना सोयीचे असल्याने भिवंडी तालुक्यात माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या परिसरात गोदामे वाढली. येथे ‘फुल लोड’ म्हणजे एकाच मालकाच्या मालाने भरलेला ट्रक व ‘पार्ट लोड’ म्हणजे अनेकांचा माल एकत्र नेणारा ट्रक. ‘लोड’ची कमाल मर्यादा मात्र कायद्याने ठरते. तीन आसांच्या मालट्रकचे एकूण अनुज्ञेय वजन २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टन झाले. हे वजन ट्रकसह मोजले जाते, केवळ मालाचे नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिभाराचा दंड २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा आहे.

न्हावा शेवा येथील बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाल्यानंतर कंटेनर हा शब्द रोजच्या बोलण्यात आला. वीस फुटी कंटेनर हे मोजणीचे एकक असून त्यास टीईयू म्हणतात. चाळीस फुटी कंटेनर दोन टीईयू धरला जातो. हे जागेचे माप आहे, वजनाचे नाही.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रसायने टँकर व ड्रम यांतून जातात. सुमारे २०० लिटरच्या ड्रमला बोलीत ‘बॅरल’ म्हणतात; खनिज तेलाच्या व्यापारातील बॅरल मात्र सुमारे १५९ लिटरचे असते.

बाजार समितीतील वापर

वाशी येथील घाऊक बाजारात कांदा-बटाट्याची आवक ‘गाड्यां’त व हापूस आंब्याची आवक ‘पेट्यां’त सांगण्याची रीत आहे. गाडी लहान की मोठी यावर प्रत्यक्ष माल बदलत असल्याने नेमकी तुलना क्विंटलमध्येच करता येते. गोणी हेही निश्चित माप नाही. ती पाठीवर वाहणाऱ्या माथाडी कामगारांसाठी मात्र तिचे वजन हा श्रमाचा व आरोग्याचा प्रश्न ठरतो. त्यांच्या रोजगाराचे नियमन १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याने होते. ५० किलोग्रॅमपेक्षा जड गोण्या उचलण्यास या कामगारांनी वाशीच्या बाजारात वेळोवेळी विरोध केला आहे.