लोणावळ्याचा तह आणि गलबतांचा तळ

लोणावळ्याला नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ ही संस्था आहे, याचे नव्याने येणाऱ्याला नवल वाटते. 15 फेब्रुवारी 1945 रोजी सुरू झालेल्या या संस्थेत जहाजांची यंत्रे सांभाळणारे लोक तयार होतात, आणि समुद्र मात्र घाट उतरून गेल्याशिवाय दिसत नाही. पण मावळाचे समुद्राशी नाते इंग्रजांनी जोडले, असे समजायचे कारण नाही. 1714 च्या फेब्रुवारीत लोणावळ्याजवळ वळवणच्या परिसरात शाहू महाराजांच्या वतीने आलेले बाळाजी विश्वनाथ आणि मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांचा समेट झाला. आदल्या वर्षी कान्होजींनी घाटमाथ्यावर चढून लोहगड आणि राजमाची घेतले होते आणि शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले होते. शाहूंचे आसनच डळमळले होते. पाठ्यपुस्तकांत हा समेट बाळाजीपंतांच्या मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून येतो, आणि तो तसा आहेही. मात्र कान्होजींनी त्यात काय मागून घेतले, ते समजायचे तर लाकडी जहाजाचा पाण्याखालचा भाग डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. ज्या जागांवर जहाजे दरवर्षी पाण्याबाहेर काढता येतील, साफ करता येतील आणि पुन्हा लोटता येतील, त्या जागा त्यांनी पक्क्या करून घेतल्या, असे माझे म्हणणे आहे.

अरबी समुद्राचे पाणी उबदार आणि जीवांनी भरलेले. त्यात लाकडी तळ काही महिने तसाच राहिला की त्यावर आधी शेवाळ धरते, मग पांढऱ्या कवचाचे बार्नेकल चिकटतात आणि जहाज जड होते. गुळगुळीत तळाचे जहाज ज्या वाऱ्यावर पळते, त्याच वाऱ्यावर हे रखडते. ज्याचा धंदाच पाठलागाचा आणि निसटण्याचा, त्याच्या दृष्टीने ही नुसती गैरसोय नव्हती. त्याहून वाईट शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा जहाजकिडा. नाव किड्याचे असले तरी हा शिंपल्याच्या कुळातला प्राणी. तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून फळीत शिरतो आणि आतल्या आत वाढत बोगदे पाडतो. बाहेरून फळी धड दिसते, पण हातोडी मारली की पोकळ वाजते. सागवानाला त्याचा उपद्रव इतर लाकडांपेक्षा कमी, पण साग म्हणजे अभयपत्र नव्हे. उपाय एकच होता: उधाणाच्या भरतीला जहाज वर घ्यायचे, ओहोटीला टेकू देऊन एका कुशीवर कलवायचे, तळ खरवडायचा, सुक्या गवताच्या जाळाने शेकायचा, फटींत कापूस ठासायचा आणि वर राळ, माशाचे तेल, चुना यांचा लेप द्यायचा. मग दुसरी कूस. आजही पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात होड्या शाकारतात. त्या वाळूवर नुसत्या विसावलेल्या दिसतात, पण वर्षातले सगळ्यात कष्टाचे काम तेव्हाच चाललेले असते.

आता तहाकडे वळू. ग्रँट डफने दिलेल्या तपशिलानुसार कान्होजींना सरखेल हा किताब, दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी मिळाली. किल्ल्यांची नावे वाचण्यासारखी आहेत: खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड, देवगड, कनकदुर्ग, फत्तेगड, अवचितगड, यशवंतगड. यांतले बरेचसे खाडीच्या तोंडाशी किंवा अडोशाच्या बंदरावर उभे आहेत. जयगडामागे शास्त्रीची खाडी, विजयदुर्गामागे वाघोटणची. सुवर्णदुर्गासमोर हर्णैचा किनारा, आणि तिथे कनकदुर्ग आणि फत्तेगड राखणीला. आत शिरलेल्या खाडीचा आणखी एक फायदा असतो, तो नकाशावर दिसत नाही. पावसाळ्यात तिच्या वरच्या अंगाचे पाणी गोडे होते, आणि गोड्या पाण्यात बार्नेकल आणि जहाजकिडा दोन्ही फार काळ तग धरत नाहीत. विजयदुर्गापासून सुमारे तीन किलोमीटर आत, वाघोटण खाडीवर गिर्ये येथे खडक फोडून केलेली गोदी आजही दिसते. साधारण 109 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद. आता तोंड सोडले तर ती बहुतेक दगडमातीने भरली आहे, पण तिचे माप बोलके आहे. रॉबर्ट ऑर्मच्या वर्णनाप्रमाणे दोन डोलकाठ्यांची गुराबे, म्हणजे मोठी लढाऊ जहाजे, दीडशे टनांपर्यंतची आणि तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशे टनांची. रुंदीला ऐसपैस, आणि पाण्यात फार कमी बुडणारी. असे उथळ तळाचे जहाज साध्या भरती-ओहोटीवरही कोरडे करता येते. खोल बुडणाऱ्या युरोपीय जहाजाला ती सोय नव्हती.

राजमाचीचे काय? जिंकलेली बाकीची ठाणी परत करून कान्होजींनी एवढा एकच किल्ला ठेवला, आणि तो समुद्रापासून दूर, बोरघाटाच्या डोक्यावर. हे माझ्या मांडणीला छेद देणारे वाटेल. पण तळाची निगा ही वर्षानुवर्षे न चुकणारी खर्चाची बाब आहे. एकदा तोफ ओतली की ती पिढ्यान्‌पिढ्या चालते. लेप मात्र दर हंगामाला नवा लागतो, फळ्या बदलाव्या लागतात, सुतार पोसावे लागतात. कोकणातल्या बंदरांतून पुण्याकडे चढणारा माल बोरघाटाने जाई, आणि त्या वाटेवर नजर ठेवणारा, म्हणजेच या खर्चाला पैसा पुरवू शकणारा गड म्हणजे राजमाची. त्याच्याच कुशीतून उल्हास नदी उतरते आणि कल्याणच्या खाडीला मिळते. त्या कल्याण-भिवंडीकडे शिवाजी महाराजांनी 1659 च्या सुमारास रुय लैंताव व्हियेगस या पोर्तुगीज कारागिराच्या हाताखाली पहिली लढाऊ गलबते बांधायला घेतली होती.  घाटमाथा आणि खाडी हे एकाच व्यवहाराचे दोन काठ होते.

यावर पहिला आक्षेप कागदांचा. तहाच्या कलमांत ‘तळ साफ करण्यासाठी’ असे कुठे लिहिले आहे? नाही, आणि लिहिलेले असायचेही नाही. करारात किल्ल्याचे नाव येते, त्याखालच्या पुळणीवर काय चालते ते येत नाही. पण 1715 च्या सुमाराच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यात पावसाळ्याआधी गलबते किल्ल्याच्या आसऱ्याला छावणीस आणावीत असे सांगितले आहे. जहाजांसाठी लाकूड कुठले तोडावे आणि रयतेच्या आंबा-फणसाला हात का लावू नये, तेही सांगितले आहे. म्हणजे जहाज बांधण्याइतकीच ते राखण्याची काळजी त्या पिढीच्या कारभाऱ्यांना होती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: हे किल्ले जकातीसाठी आणि संरक्षणासाठीच हवे होते, तळाची गोष्ट आनुषंगिक. संरक्षण हवे होते हे खरेच. पण संरक्षण कशाचे? कुशीवर कललेले जहाज ना पळू शकते, ना तोफ डागू शकते; वर्षातले काही आठवडे आरमार असे असहाय असते. किल्ल्याची तोफ तेव्हा त्या उघड्या तळावर पहारा करते. जकातीची चौकी कुठल्याही नाक्यावर बसवता येते, गोदी नाही.

काही जण विचारतील, इतकी सोय होती तर आंग्र्यांचे आरमार बुडाले कसे? इंग्रजांचे तंत्र पुढे गेले, हे ठरलेले उत्तर अर्धेच खरे आहे. जहाजबांधणी करणारे लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि 1750 मध्ये तिथे कोरडी गोदी झाली. त्यानंतर मोठ्या जहाजांचा तळही मुंबईतच दुरुस्त होऊ लागला. किडा आणि बार्नेकल यांपासून तळ वाचवणारा तांब्याचा पत्रा मात्र नंतरचा. ब्रिटिश नौदलाने तो ‘अलार्म’ या जहाजावर 1761 मध्ये आजमावला. लोखंडी खिळ्यांना तांब्याच्या सान्निध्याने गंज चढतो हे कळल्यावर अडखळत अडखळत 1779 नंतर सगळ्या ताफ्याला लावला. विजयदुर्ग त्याआधीच, 1756 च्या फेब्रुवारीत पडला. इंग्रज ॲडमिरल वॉटसनची जहाजे समुद्रातून आणि नानासाहेब पेशव्यांची फौज जमिनीवरून अशी ती कोंडी होती, आणि कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचे आरमार लढाईला बाहेर न पडता बंदरातच जळाले. वळवणला ज्या पेशव्यांच्या बाजूने हात दिला होता, तीच बाजू बेचाळीस वर्षांनी खाडीच्या मागच्या दाराने आली. आत खोल शिरलेली खाडी जहाजाला समुद्रापासून वाचवते, पण घाटावरून उतरणाऱ्या फौजेपासून वाचवत नाही. माझ्या मते ही त्या व्यवस्थेची खरी उणीव होती, आणि ती तंत्राची नव्हती.

पुढचा झगडाही त्याच जागेसाठी झाला. इंग्रजांना विजयदुर्ग सोडवत नव्हता. आमच्याकडचा बाणकोट किल्ला परत घ्या आणि हा आम्हाला राहू द्या, असा त्यांचा धोशा होता. पेशव्यांनी ऐकले नाही. 1756 च्या ऑक्टोबरात तह होऊन बाणकोट इंग्रजांकडे राहिला आणि विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. पेशव्यांच्या आरमाराचे ठाणे मग तिथेच बसले, आणि 1783 च्या एप्रिलमध्ये आनंदराव धुळपांनी ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज पकडले, तेही विजयदुर्गालाच आणले.