मेंढा ते पाचगाव : तोट्याची भीती आणि गावाचा व्यापार

२७ एप्रिल २०११. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या लहानशा गावात केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले होते. त्या दिवशी गावाचे ज्येष्ठ कार्यकर्ते देवाजी तोफा यांच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक देण्यात आले. सामूहिक वनहक्काच्या बळावर आपल्या जंगलातील बांबू स्वतः विकण्याचा अधिकार एखाद्या ग्रामसभेला मिळण्याची ही देशातील पहिली घटना मानली जाते.

या प्रसंगाचा इतिहास बहुधा हक्कांच्या लढ्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. साडेचारशे-पाचशे वस्तीचे एक गाव व्यापारी झाले. व्यापार आला की तोटा आला, आणि तोट्याची भीतीही आली. हा धागा त्या भीतीविषयी आहे.

ही भीती समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. जुन्या चांदा जिल्ह्याचा हा पूर्वभाग जमीनदाऱ्यांचा. तेथे गावकऱ्यांना जळण, बांबू, गवत, कंदमुळे घरवापरासाठी घेण्याची मुभा होती. तिला ‘निस्तार’ म्हणत. जमीनदाऱ्या गेल्या, जंगले सरकारजमा झाली. दरम्यान १९४५ मध्ये बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी स्थापन झाली आणि पुढे याच जंगलांतील बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी कारखान्याकडे जाऊ लागला. तेंदूपानांचा व्यापार १९६९ च्या राज्य कायद्याने शासनाच्या नियंत्रणाखाली आला. या सर्व व्यवस्थेत गावकऱ्याचे स्थान एकच होते, मजुराचे. बांबू कोणत्या रांजीतून किती तोडायचा हे त्याला ठाऊक; तो कोणत्या भावाने विकला गेला हे मात्र त्याला कोणी सांगत नसे. मजुरी कमी असली तरी ती बुडण्याचा धोका थोडा. बाजार पडला तर झोपतो तो ठेकेदार. दोन-तीन पिढ्या असे जगलेल्या माणसाला ‘आता तूच मालक’ असे सांगणे ही केवळ आनंदाची वार्ता नसते.

मेंढ्याची तयारी मात्र फार आधी सुरू झाली होती. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्यातून तावूनसुलाखून निघालेल्या या गावाला ‘वृक्षमित्र’ संस्थेच्या मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ लाभली. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचेच राज्य, ही घोषणा सर्वांना माहीत आहे. तिच्यामागची पद्धत अधिक महत्त्वाची. ग्रामसभेत निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होत. आणि निर्णयाआधी विषय अभ्यासगटात येई. तेथे कायदा वाचला जाई, हिशेब मांडला जाई, शंका विचारल्या जात.

येथे जगाच्या इतिहासाकडे एक नजर टाकावी. युरोपातील व्यापाऱ्यालाही बुडण्याची धास्ती होतीच. धंदा बुडाला तर घरदार जाई, ऋणकोला तुरुंगही पाहावा लागे. इंग्लंडने १८५५ मध्ये मर्यादित दायित्वाचा कायदा केला. भारतात १८५७ मध्ये कंपन्यांसाठी तशी तरतूद आली. भागधारकाचे नुकसान त्याने गुंतविलेल्या रकमेपुरतेच राहील, एवढीच ती हमी. भीती कमी करण्यासाठी भांडवलशाहीने कायद्याचा आधार घेतला. मेंढ्याने सहमतीचा घेतला. निर्णय सर्वांचा असेल तर अपयशाचे खापर फोडायला एकटे डोके सापडत नाही. ग्रामसभेच्या लांबलचक चर्चांना वेळखाऊ म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा विचारात घेतलेला दिसत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. या कायद्यात बांबूची गणना स्पष्टपणे गौण वनउपजात आहे, आणि गौण वनउपज गोळा करून विकण्याचा हक्क ग्रामसभेचा. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूलाही घातले होते. वनविभागाने त्यावर बोट ठेवले आणि वाहतूक परवाना नाकारला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक; कायद्याच्या पुस्तकात ते झाड होते. २१ मार्च २०११ रोजी रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनउपज मानण्यास सांगितले, तेव्हा कोंडी फुटली.

आणि मग खरी परीक्षा सुरू झाली. परवाना हाती आला, भांडवल कुठे होते? तोडणीची मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते, खरेदीदाराचे पैसे मात्र माल उचलल्यावर. तोडलेला बांबू पडून राहिला तर वाळतो, किडतो, भाव उतरतो. ग्रामसभेने पॅन क्रमांक काढला, बँक खाते, हजेरीपट, मोजणी, करकपात हे सारे शिकून घेतले. जंगलाचे स्वतःचे गणितही होतेच. पावसाळ्यात रांजीतून वास्ते फुटतात. ते कोवळे कोंब वाचवले नाहीत तर काही वर्षांनी तोडायला परिपक्व बांबूच उरत नाही. शिवाय कित्येक दशकांनी बांबू एकदाच फुलतो आणि फुलल्यावर रांजीच्या रांजी मरतात. या संकटाला कोणतीही निविदा वाचवू शकत नाही. तरीही पुढील हंगामांत मेंढ्याची उलाढाल कोटीच्या घरात पोहोचली.

तेंदूच्या बाबतीत भीतीचे रूप आणखी उघड दिसते. पेसा कायद्याच्या अंमलबजावणीनंतर अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांपुढे दोन पर्याय आले. पहिला : विक्री वनविभागाने करून द्यावी. दुसरा : ग्रामसभेने स्वतः विकावे. हा प्रश्न कागदावर प्रशासकीय वाटतो. गावच्या बैठकीत तो धाडसाचा प्रश्न होतो. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातला, जेमतेम काही आठवड्यांचा. सत्तर पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांची एक मानक गोणी. फळीवर वाळत घातलेल्या पुडक्यांवर एक अवकाळी सर आली की वर्षाची कमाई काळी पडते.

गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी दुसरा पर्याय निवडला आणि २०१७ च्या हंगामात तेंदूचे भाव असे भडकले की धाडस सार्थकी लागल्यासारखे वाटले. त्याच वर्षी जुलैपासून तेंदूपानांवर १८ टक्के जीएसटी लागू झाला. २०१८ च्या हंगामात भाव कोसळले. काही ठिकाणी ठेकेदारांनी रकमा थकविल्या, पाने तोडणाऱ्या घरांचे पैसे अडकले. ज्या अपयशाची धास्ती होती ते प्रत्यक्ष आले. लोकांनी स्वतःचा व्यापार सोडून द्यावा, इतके सबळ कारण ते होते. पण ग्रामसभांचा व्यापार त्या धक्क्याने थांबला नाही. पुढील करारांत अनामत रक्कम आणि माल उचलण्याआधी भरणा यांवर भर वाढला. कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभा महाग्रामसभेच्या रूपाने एकत्र आल्या, कारण एकट्या गावाला फसविणे सोपे असते.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावची वाट निराळी. गोंडपिपरी तालुक्यातील या गावाला २०१२ मध्ये सुमारे १,००६ हेक्टर जंगलावर हक्क मिळाला आणि बांबूचा व्यवसाय सुरू झाला. तेंदू हे येथील प्रत्येक घराचे हमखास उन्हाळी उत्पन्न होते. तरीही ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे बंद करण्याचा निर्णय घेतला. चांगली पाने यावीत म्हणून झाडांची छाटणी होते, जंगलाला आगी लावल्या जातात, आणि त्या आगीत बांबूचे कोंबही जळतात. नव्या धंद्याचा पाया अजून पक्का व्हायचा असताना जुनी खात्रीची मिळकत सोडणे कोणत्याही हिशेबनीसाला मानवले नसते. पाचगावकरांनी आपला हिशेब बांबूवर मांडला होता. छाटणी थांबल्यावर तेथील टेंभुर्णीची झाडे वाढू लागली, त्यांना फळे धरू लागली, आणि ज्या महिन्यात पूर्वी सारे गाव पहाटेपासून पुडकी बांधत बसे, त्या महिन्यात पोरे टेंभरे खाऊ लागली.