टीनएजर्सच्या पुस्तकांत इतका सूड का असतो?

वर्गात रोज चिडवणारा ग्रुप. सगळ्यांसमोर अपमान करणारे सर. न विचारता व्हायरल केलेला फोटो. 'एक दिवस यांना दाखवतोच' हा विचार शाळेत असताना बहुतेकांच्या मनात कधी ना कधी येऊन गेलेला असतो.

इंग्रजीतल्या 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणजेच वायए पुस्तकांनी हाच विचार उचलला. साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठीच्या या पुस्तकांमध्ये डार्क सूडकथा भरपूर आहेत. त्या आवडीने वाचल्या जातात आणि त्यावरून वादही होतात. असं का, ते काही पुस्तकांमधून समजून घेऊ.

फक्त घाबरवायचं होतं

लोइस डंकन यांची 'किलिंग मिस्टर ग्रिफिन' ही कादंबरी १९७८ साली आली. कडक शिस्तीच्या शिक्षकाला धडा शिकवायचा म्हणून काही विद्यार्थी त्याला किडनॅप करतात. मारायचं कुणालाच नसतं. पण सरांना हृदयाचा त्रास असतो, औषध वेळेवर मिळत नाही आणि ते मरतात. पुढचं पुस्तक हे लपवताना ही मुलं कशी अडकत जातात, याबद्दल आहे.

कुणीच लक्ष दिलं नाही तर?

कोर्टनी समर्स यांच्या 'सेडी' (२०१८) मध्ये १९ वर्षांची सेडी आपल्या लहान बहिणीच्या खुन्याला शोधायला एकटीच निघते. अर्धी गोष्ट ती स्वतः सांगते. उरलेली अर्धी तिला शोधणाऱ्या एका पॉडकास्टमधून कळते. या पुस्तकाला २०१९ चा एडगर पुरस्कार मिळाला.

अशा गोष्टी मुलांना का भिडतात, याचं उत्तर इथे सापडतं. त्या वयात अन्याय कळतो, पण हातात काहीच नसतं. शाळा, पोलीस, घरचे, सगळे निर्णय मोठ्यांचे. त्यांनीच ऐकलं नाही, तर सूड हा एकच मार्ग उरल्यासारखा वाटतो.

वाद कशावरून झाला?

सगळ्यात मोठा वाद झाला जे आशर यांच्या 'थर्टीन रीझन्स व्हाय' (२००७) वरून. यातली हॅना आत्महत्या करते, पण त्याआधी जबाबदार कोण, हे कॅसेटमध्ये रेकॉर्ड करून ठेवते. २०१७ मध्ये त्यावर नेटफ्लिक्सची सिरीज आली. ती आल्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेत १० ते १७ वयोगटातल्या आत्महत्या २८.९ टक्क्यांनी वाढल्याचं एका अभ्यासात दिसलं. हे सिरीजमुळेच झालं असं मात्र सिद्ध झालं नाही आणि काही संशोधकांनी या निष्कर्षावर शंकाही घेतली. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये आत्महत्येचा सीन काढून टाकला.

मुख्य आक्षेप असा होता की जिवंतपणी कुणी ऐकलं नाही, ते हॅनाला मेल्यावर मिळतं. सगळे ऐकतात, सगळे पस्तावतात. म्हणजे तिचा सूड 'यशस्वी' होतो. खऱ्या आयुष्यात गेलेल्या माणसाला यातलं काहीच पाहायला मिळत नाही.

लेखकानेच पुस्तक मागे घेतलं

स्टीफन किंग यांची 'रेज' ही कादंबरी १९७७ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाली. त्यात एक विद्यार्थी शिक्षिकेला गोळी घालून वर्ग ओलीस धरतो. १९९७ मध्ये केंटकीतल्या एका शाळेत गोळीबार झाला. त्या मुलाच्या लॉकरमध्ये हे पुस्तक सापडलं. त्यानंतर किंग यांनी त्याची छपाई थांबवायला लावली.

मग मुलांनी हे वाचूच नये का?

तसं नाही. राग पुस्तकामुळे जन्माला येत नाही, तो आधीच असतो. बघायचं एवढंच, की सूड घेतल्यावर पुस्तक संपतं, की त्याची किंमतही दाखवतं? आणि घरातलं कुणी असं पुस्तक वाचत असेल, तर ते हिसकावून घेण्यापेक्षा 'तुला यात कुणाचं पटलं?' असं विचारून बघा.

तुम्हाला किंवा जवळच्या कुणाला टोकाचे विचार येत असतील, तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येतं.