हौशी रेडिओ: परवाना, यंत्र आणि संघटना

भारतात हौशी रेडिओची सुरुवात १९२१ च्या सुमारास कलकत्त्यात झाली. अमरेंद्र चंद्र गुप्तू आणि मुकुल बोस हे आरंभीचे हौशी. मुंबईत जून १९२३ मध्ये रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित केले, तेव्हा सरकारी नभोवाणी अस्तित्वातच नव्हती. हौशी मंडळींची ही आघाडी सप्टेंबर १९३९ मध्ये संपली. महायुद्ध सुरू होताच सरकारने त्यांचे परवाने रद्द केले. तरीही ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या काळात मुंबईत काँग्रेस रेडिओ गुप्तपणे चालला. त्यातल्या उषा मेहता सर्वांना ठाऊक आहेत. प्रक्षेपकामागचे हौशी तंत्रज्ञ नरिमन प्रिंटर यांची आठवण क्वचितच निघते.

युद्धानंतर परवाने पुन्हा मिळू लागले. १५ मे १९४८ रोजी देशातील हौशींची संघटना महूच्या लष्करी सिग्नल विद्यालयात स्थापन झाली. पुढे दिल्लीला हलल्यावर १९५४ मध्ये ती ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ झाली. परवान्याच्या परीक्षेत मोर्स संकेतलिपीला असलेले वजन या लष्करी वातावरणाला साजेसेच होते, पण सामान्य हौशीला त्याहून मोठी अडचण यंत्राची होती. परदेशी संचांवर जबर आयात शुल्क असल्याने युद्धातले जुने संच आणि घरी जुळवलेली यंत्रे यांवरच भागवावे लागे. १९८४ मध्ये शुल्क माफ झाले आणि १९७० मध्ये पाचशेच्या आसपास असलेली परवानाधारकांची संख्या २००७ पर्यंत सोळा हजारांवर गेली. या वाढीचे श्रेय संघटनांइतकेच, किंबहुना जास्तच, शुल्कमाफीला द्यावे लागते.

तंत्राच्या बाबतीत हौशी मागे पडले, असे म्हणता येत नाही. मे २००५ मध्ये इस्रोने त्यांच्यासाठी ‘हॅमसॅट’ सोडला. जून २०१६ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ कक्षेत गेला. हौशींना संदेशसेवा देणे हा त्याचा एक हेतू होता. २०१७ मध्ये आलेल्या ‘एफटी-८’ पद्धतीमुळे अत्यंत क्षीण संकेतही संगणकाला वाचता येतात. २००३ च्या जागतिक परिषदेने मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्तीही काढली. भारतात मर्यादित (रिस्ट्रिक्टेड) श्रेणीच्या परवान्याला मोर्स लागत नाही.

किल्लारीचा १९९३ चा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी या दोन्ही वेळी हौशींनी तुटलेले संपर्क जोडले. अंदमानात तर त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आधीच केंद्र मांडून बसल्या होत्या, म्हणून मदत तत्काळ मिळाली.

संघटना मागे राहिल्या त्या पोहोचीत. दिल्ली, मुंबईत परीक्षा दरमहा होत. नागपुरात दोन महिन्यांतून एकदा. अमरावती जिल्ह्यातल्या तिवशाच्या उमेदवाराला सर्वांत जवळचे केंद्र नागपूरच होते. क्लब आणि संकेत पुढे पाठवणारे रिपीटर मुख्यतः शहरांत, आणि रिपीटरचा पल्ला मर्यादित. वास्तविक रिपीटरशिवायही चाळीस मीटर पट्ट्यावर सुमारे वीस मीटर तार ताणली की शेकडो किलोमीटरवर बोलता येते. एवढी तार मुंबईच्या सदनिकेत बसवायची तर सोसायटीची परवानगी लागते. तिवशाच्या वावरात दोन खांब पुरतात.