बोलपटाचा न बोलणारा नायक

भारताचा पहिला बोलपट कोणता? सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हा प्रश्न ठरलेला असायचा आणि 'आलम आरा' हे उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ होतं. त्याचा नायक कोण, हे मात्र कधी कुणी विचारलं नाही. तो मराठी माणूस होता, मास्टर विठ्ठल. स्मरणिकेत शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, म्हणून मी या विठ्ठलरावांवर लिहिते आहे.

बालपणी नाटक कंपनीत, मग कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, आणि पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत ते नायक झाले. जमाना मूकपटांचा. तलवारबाजी आणि साहसदृश्यं यांवर पब्लिक फिदा. त्यांना 'भारताचा डग्लस फेअरबँक्स' म्हणत.

अर्देशीर इराणींनी बोलपट काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांना हाच खपणारा चेहरा हवा होता. विठ्ठल शारदा सोडून इराणींच्या इंपीरियलमध्ये आले. शारदाने करारभंगाचा दावा लावला. विठ्ठलांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर होते महंमद अली जीना! दावा विठ्ठलांनी जिंकला.

खरी अडचण पुढेच होती. पटकथा जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरची, भाषा उर्दू-हिंदुस्थानी, आणि नायकाचे उच्चार त्या भाषेला पुरेना. डबिंग नव्हतं, पार्श्वगायन नव्हतं. स्टुडिओ रुळांजवळ, म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री चित्रीकरण. माइक नटांच्या आसपास दडवलेले. चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर उमटत असल्यामुळे बोलण्यात चूक झाली की सगळा शॉट वाया. (आमच्या धंद्यात अशा रचनेला कुणी मंजुरी देणार नाही.) शेवटी नायकाला बराच वेळ बेशुद्ध, गुंगीत दाखवायची युक्ती काढली गेली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये गर्दी उसळली ती पडद्यावरचा आवाज ऐकायला. नायक मात्र जवळजवळ मुकाच.

हा किस्सा हसत सांगतात. मला हसू येत नाही. मराठी माध्यमातून थेट इंग्रजी वर्गात जाऊन बसलेले आपण. गणित येत होतं, उत्तर माहीत होतं, तरी पहिले सहा महिने तोंड उघडलं नाही. तेव्हा आपल्याला 'ढ' समजणारेही भेटलेच की!

आणि बोलपट आला नि विठ्ठल संपले, हेही खरं नाही. हिंदीतलं पहिलं स्थान गेलं, पण मराठीत ते पुढेही उभे राहिले. 'छत्रपती संभाजी' (१९३४), 'नेताजी पालकर' (१९३९), प्रभातचा 'रामशास्त्री' (१९४४) यांत ते आहेत. आपल्या भाषेत त्यांना कुणी बेशुद्ध पाडलं नाही. १९६९ साली ते गेले.

'आलम आरा'ची एकही प्रत आज उरलेली नाही. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाने पुष्कळ शोध घेतला. हाती आहेत ती फक्त काही छायाचित्रं नि जाहिराती. त्यामुळे ज्या उच्चारांवरून विठ्ठलांना नव्वद वर्षं नावं ठेवली गेली, ते ऐकलेला माणूस आता मिळणं कठीण.