३२ किलोबाइटांतील आकाशगंगा
केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे १९८४-८५मध्ये बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश गृहसंगणक निवडक भारतीय शाळांत पोहोचला. १९८४ सालीच डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या केंब्रिजच्या विद्यार्थ्यांचा ‘एलिट’ हा अंतराळ-व्यापाराचा खेळ त्याच यंत्रासाठी निघाला. आजचे स्मरणरंजन त्याच्या रेषाचित्रांत रमते; खरे नवल गणिताचे आहे. अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीत (मोबाइलमधले एक छायाचित्रही याहून कितीतरी मोठे!) ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीतील २५६ ग्रह मावले कसे? ते साठवलेलेच नव्हते. तीन बीजसंख्यांची बेरीज करायची, सर्वांत जुनी संख्या गाळून ती बेरीज मालिकेत घ्यायची, पुन्हा बेरीज: फिबोनाची श्रेणीच्या या भावंडातून ग्रहाचे नाव, स्थान, अर्थव्यवस्था दर वेळी नव्याने, तरी हुबेहूब तीच निपजे. बीज सहा बाइटांचे. पुढच्या आकाशगंगेसाठी प्रत्येक बाइटातील बिट एकेक घर सरकत. आठव्यांदा बीज मूळपदावर येई, म्हणून आकाशगंगाही आठच.